बाईंची चाळीस मिनिटं

बाईंच्या घरात भिंतीवरचं घड्याळ माझ्या गुडघ्यापाशी होतं. एकटं घड्याळच नव्हे, कॅलेंडर, आरसा, लग्नातला फोटो, सगळंच. दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस डोळ्यांसमोरची कोरी भिंत बघून विचारायचा, "नवीन शिफ्ट झालात का?" बाई म्हणायच्या, "एकोणीस वर्षं झाली. बसा, म्हणजे दिसेल." बसायचं म्हणजे खाली. सोफा होता, पण त्यावर पुस्तकं बसलेली असायची. एकदा का सतरंजीवर टेकलं, की घर भरून आल्यागत व्हायचं. समोर फोटो, शेजारी आरसा, आरशात आपलं तोंड. कोपऱ्यात एका बुटक्या पाटावर बुद्धाची मूर्ती होती. मूर्ती इतकी खाली, हे माझ्या आईला खटकलं आणि तिने विचारलंही. बाई म्हणाल्या, "ते तरी कुठे खुर्चीवर बसून शिकवायचे?" आईला ते इतकं पटलं, की घरी येऊन तिने आमचे देव हातभर खाली आणले.

बाई आम्हाला बालविकास शिकवायच्या. दिल्लीतल्या एका जुन्या संस्थेत दोन वर्षांचा डिप्लोमा होता. पाळणाघरं, नर्सऱ्या, अंगणवाड्या यांत काम करू इच्छिणाऱ्या मुली तिथे यायच्या. सगळा वर्ग त्यांना 'मैम' म्हणायचा. पहिल्या दिवशी मीही म्हटलं. माझं आडनाव ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मराठीत विचारलं, "घरी मराठी बोलता का गं?"

"हो. म्हणजे, मिक्स," मी म्हटलं.

"मग मला बाई म्हण. मैम म्हटलं की मला वाटते, कोणी मेट्रोबाहेर पाण्याची बाटली विकून राहिलं."

बाई मूळच्या नागपूरच्या. दिल्लीत तीस वर्षं काढली, तरी 'करून राहिले, बसून राहिले' हे काही त्यांच्या तोंडातून गेलं नाही. माझं मराठी दिल्लीत वाढलेलं, त्यामुळे त्यांचे निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. पण त्या रागावल्या आहेत की नाहीत, ते मात्र नेमकं कळायचं.

त्यांना जमिनीवर बसायचा नाद होता आणि तो फक्त घरापुरता नव्हता. एकदा त्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये खाली बसल्या आणि तळमजला ते बारावा अशा अकरा फेऱ्या केल्या. तीन वर्षांच्या मुलाला लिफ्टमधून काय दिसतं, ते त्यांना बघायचं होतं. गार्डने घाबरून इंटरकॉमवरून सेक्रेटरींना बोलावलं, "सर, आठवें फ्लोर वाली मैडम गिर गई हैं।" सेक्रेटरी धावत आले. बाई म्हणाल्या, "गिरी नहीं हूँ, बैठी हूँ। आप भी बैठिए, एक चीज़ दिखाती हूँ।" सेक्रेटरी बँकेतले, इस्त्रीच्या पँटमधले. पण बाईंचा आवाजच असा होता, की ते बसले. खालून बटणं दिसत नव्हती, आरसा दिसत नव्हता. दिसत होते ते नुसते गुडघे आणि पिशव्या. पुढच्या महिन्यात लिफ्टमध्ये खालच्या बाजूला एक लहानसा आरसा बसला. तो आल्यापासून सोसायटीतली मुलं लिफ्टमध्ये रडत नाहीत, असं बाई सांगायच्या. मी तपासलेलं नाही, पण त्यांनी तपासलं असणार.

वर्गात त्यांचा एकच मोठा नियम होता. निरीक्षणाची वही. पाळणाघरात जायचं, एक मूल निवडायचं, खाली बसायचं आणि चाळीस मिनिटं ते जे करेल तेवढंच लिहायचं. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला घडलेलं. मूल हट्टी आहे, लाजाळू आहे, हुशार आहे, असं लिहिलं की संपलंच. बाई त्याला शिक्का मारणं म्हणायच्या. आणि शिक्के मारणाऱ्यांसाठी त्यांनी बाजारातून खरोखरचा एक रबरी शिक्का करून आणला होता, जांभळ्या शाईचा. त्यावर दोनच शब्द होते, 'किसने देखा?' पहिल्या महिन्यात आमच्या वह्या त्या शिक्क्यांनी जांभळ्या झाल्या. एका मुलीने लिहिलं होतं, 'बच्चा खुश है।' तिच्यावरही शिक्का बसला. ती तणतणली, "मैम, वो हँस रहा था।" बाई म्हणाल्या, "तो लिखो, हँस रहा था।"

शाबास हाही त्यांच्या मते शिक्काच होता. त्यामुळे त्या कोणालाच शाबास म्हणत नसत. दोन वर्षांत मला नाही, माझ्याहून शंभर पटीने हुशार मुलींनाही नाही. हे मला तेव्हा फार लागायचं, हे कबूल करते.

बाई या धंद्यात आल्या त्या टायपिस्ट म्हणून. नवऱ्याची केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला बदली झाली, क्वार्टर मिळालं, आणि बाईंनी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत हिंदी टायपिंगची नोकरी धरली. वस्त्यांमध्ये फिरणारे कार्यकर्ते मुलांचे हाताने लिहिलेले रिपोर्ट आणून द्यायचे, बाई ते टाइप करायच्या. वर्षभर त्यांनी मान खाली घालून टाइप केलं. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की आपण कागदावरचं नाव आणि वय तेवढं वाचतो, पुढचं बोटं आपोआप टाइप करतात. बच्चा शर्मीला है. खेल में रुचि लेता है. सीढ़ी चढ़ना नहीं आता. त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं, "सर, ये सब एक ही बच्चा है क्या?" साहेब म्हणाले, "आप टाइप कीजिए।"

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत बाई डबा हातात घेऊनच त्या वस्तीत गेल्या. नाव विचारत विचारत एक मूल शोधलं. ज्याला जिना चढता येत नाही असं त्यांनी आदल्या दिवशी टाइप केलं होतं, ते पोरगं पाण्याच्या टँकरच्या टपावर बसून गाजर खात होतं. वस्तीत जिना कुठेच नव्हता, सगळी घरं बैठी. कोणीतरी छापील यादीतला प्रश्न तसाच विचारला होता आणि समोर रेघ मारून मोकळा झाला होता. बाई परत आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, हा रिपोर्ट दुरुस्त करायला हवा. तो सकाळीच पुढे गेला होता.

ही गोष्ट बाई आम्हाला रंगवून सांगायच्या. गाजराच्या कचकच आवाजासकट. सगळा वर्ग हसायचा, त्याही हसायच्या. एकदाच, मी एकटी त्यांच्या घरी असताना, हसून झाल्यावर म्हणाल्या, "त्या वर्षात मी किती टाइप केले असतील गं? कुठे गेले असतील ते सगळे?" मग म्हणाल्या, "लोकांना वाटते मी मुलांच्या प्रेमापायी शिकवायला आली. मी चुकीचं टाइप केलं होतं, म्हणून आली."

चौतिसाव्या वर्षी त्यांनी अर्ध्या वयाच्या मुलींबरोबर बसून हाच डिप्लोमा केला. मग बी. ए., मग एम. ए., सगळं नोकरी सांभाळून. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, पहिले सहा महिने वाटलं की हे खूळ आहे, उतरेल. सातव्या महिन्यात ते पोळ्या लाटायला शिकले.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

मी तिथे कोणत्याही ध्येयाने गेले नव्हते. बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, नंतर फॅशन डिझाइनचा कोर्स चार महिन्यांत. आईने हा डिप्लोमा शोधला, फॉर्म स्वतः भरला आणि एवढंच म्हणाली, "हे तरी पूर्ण कर." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हेही अर्धं सुटलं, तर ती पुन्हा काही म्हणणार नाही, आणि तेच मला नको होतं.

तरीही व्हायची ती चूक झालीच. पहिल्या वर्षाच्या जानेवारीत निरीक्षणाची वही द्यायची होती आणि माझी कोरी होती. चौदा तारखेला आमच्या ओळखीची सगळी मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकापाशी जायची. मीही दरवर्षीप्रमाणे गेले. नमस्कार झाले, तिळगूळ झाला, भाषणं झाली. परतीच्या बसमध्ये वही गुडघ्यावर ठेवून मी एक मुलगा तयार केला. वय तीन वर्षं, निळा स्वेटर. चाळीस मिनिटं मी त्याला ठोकळे रचायला लावले, चेंडू फेकायला लावला, पाणी प्यायला लावलं. एकही शिक्का मारला नाही. मला वाटलं, बाई खूश होतील.

दोन दिवसांनी बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. वही उघडी होती. त्यावर शिक्का नव्हता.

"कुठलं पोरगं हे?" बाईंनी विचारलं.

"पाळणाघरातलं, बाई."

"चाळीस मिनिटं झाली. जानेवारी महिना, दिल्लीची थंडी. आणि याचं नाक एकदाही वाहिलं नाही?"

बाईंनी पान उलटलं.

"बरं, नाक सोड. तू तिथे बसली होती ना? नवीन माणूस, हातात वही. तीन वर्षांच्या पोराने एकदाही तुझ्याकडे पाहिलं नाही?"

मी म्हटलं, "बाई, मी पानिपतला गेले होते."

"लढायला?"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. बाईंनी दोन्हींकडे लक्ष दिलं नाही. वही मिटून त्यांनी कपाटात टाकली. "ही माझ्याजवळ राहील. दुसरी घे. चार आठवडे, रोज चाळीस मिनिटं, एकच मूल. खरं मूल. नाहीतर परीक्षेला तुझं नाव मी पाठवणार नाही."

"बाई, बाकीच्या मुलीही घरी बसून लिहितात."

"त्यांचं त्यांच्यापाशी. त्यांच्या पोरांची नाकं तरी वाहतात."

नोएडाच्या पलीकडे मोठमोठ्या इमारती उठत होत्या. तिथे काम करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी आवारातच एक पाळणाघर होतं. मेट्रो, मग ई-रिक्षा, मग दहा मिनिटं धुळीतून चालत. मी पहिल्या दिवशी दाराजवळची एक मुलगी निवडली, कारण ती जागची हलत नव्हती आणि मला वाटलं लिहायला सोपं जाईल. पावणेतीन वर्षांची असेल. मुलांना सांभाळणारी दीदी म्हणाली, "ये वाली जिद्दी है। शाम तक भूखी रहेगी, पर खाएगी नहीं।" त्या मुलीचं वजन दोन महिने वाढलेलं नव्हतं, असंही तिने सांगितलं. तिने सगळं करून पाहिलं होतं, गाणी, चमचा, गूळ. दीदी वाईट नव्हती, थकलेली होती.

दुपारी अंगणात उन्हात चटया टाकून मुलांना खिचडी देत. मी बाजूला बसून लिहायचे. १२.०५, थाळी येते. १२.०६, मुलगी मागे सरकते. १२.०८, दीदी तिला पुढे आणते. १२.०९, मागे सरकते. १२.३०, थाळी भरलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझे पाय झोपायचे, नाकात धूळ जायची. ती मात्र रोज माझ्याकडे बघायची, अगदी टक लावून. तिचं नाकही वाहायचं. दोन्ही मी इमानदारीने लिहिलं.

बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. मला भेटायला नाही, मटार सोलायला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिथे स्वयंपाक करणाऱ्या आंटीबरोबर फतकल मारून बसायच्या, समोर शेंगांचा ढीग, मांडीवर त्यांची नेहमीची कापडी पिशवी. दोघींच्या गप्पा चालायच्या. एकदा मी न राहवून विचारलं, "बाई, माझं बरोबर चाललंय ना?" त्या म्हणाल्या, "मी मटार सोलून राहिली. तू तुझं कर."

तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस भुरभुर पाऊस आणि बोचरी हवा होती. जेवण आत झालं आणि ती मुलगी दोन्ही दिवस जेवली. मला आकाश ठेंगणं झालं. मी घाईघाईने लिहिलं, 'इसे धूप पसंद नहीं।' बाईंनी मटार बाजूला ठेवले, पिशवीतून शिक्का काढला आणि तिथल्या तिथे उमटवला. किसने देखा? तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी तिला कडुनिंबाच्या सावलीत बसवलं. तिने खिचडीला हात लावला नाही.

त्या दिवशी परतीच्या मेट्रोत मी वही पहिल्या पानापासून वाचली. माझंच लिहिलेलं, पण पहिल्यांदाच वाचत होते. प्रत्येक पानावर तेच होतं, मागे सरकते, मागे सरकते. मागे कुठे, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. अंगणात तिच्या मागे, तीन-चार हातांवर, भिंत होती. आत मुलांच्या चटया भिंतीलाच लागून टाकत.

दुसऱ्या दिवशी मी दीदीला विचारून तिची चटई अंगणातल्या भिंतीला लावली. भर उन्हात. ती बसली, पाठ भिंतीला टेकवली, थाळी ओढली आणि जेवली. पुन्हा वाढायला थाळी वर केली. दीदी बघतच राहिली. मी सगळं वहीत लिहिलं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. बाई उंबऱ्यावर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केलेली मी पाहिली नाही.

संध्याकाळी मुलीची आई न्यायला आली. डोक्याला सिमेंटने पांढरं पडलेलं फडकं. मी तिला विचारलं, ही भिंतीला टेकूनच का जेवते? ती गोंधळली, जणू पोरगी श्वास का घेते असं मी विचारलं होतं. म्हणाली, "हमारी तरफ़ ट्रक आते हैं ना, दीदी। मैंने बोल रखा है, दीवार पकड़ के बैठेगी तभी रोटी मिलेगी।"

अख्ख्या पाळणाघरात सगळ्यात जास्त ऐकणारी ती मुलगी होती, आणि दोन महिने तिच्यावर जिद्दी म्हणून शिक्का होता. मी धावत बाईंकडे गेले. वाटलं, आता तरी काही म्हणतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आईचं म्हणणं लिही. तिच्याच शब्दांत." एवढंच. आठवड्याने माझं नाव परीक्षेच्या यादीत लागलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डिप्लोम्याचा कागद मी आईच्या हातात दिला, तेव्हा तिने तो दोनदा वाचला आणि देवांपाशी, त्या नव्या बुटक्या जागी, ठेवला.

गेली सहा वर्षं मी त्याच संस्थेत तोच विषय शिकवते. दर जानेवारीत दोन-तीन मुली नाक न वाहणारी मुलं घेऊन येतात. मी त्यांना बाईंसारखं विचारते, पण 'लढायला?' असा नेम मला साधत नाही. बी. कॉम. सोडलेल्या, फॅशन सोडलेल्या, बसमध्ये बसून मूल रचणाऱ्या मला बाईंनी त्या दिवशी नापास करून मोकळं केलं असतं, तर कोणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी मला पुन्हा जमिनीवर बसवलं. माझं जे काही बरं झालं, ते तिथून झालं. हे मी त्यांना कधी तोंडावर म्हटलं नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, किसने देखा?

काका गेल्यावर बाई वर्षभर एकट्या राहिल्या आणि मागच्या वर्षी बहिणीकडे नागपूरला कायमच्या गेल्या. सामान बांधायला मी गेले होते. भिंतीवरून घड्याळ काढताना मला वाकावं लागलं. निघताना बाईंनी कपाटातून एक वही काढून माझ्या हातात दिली. "तुझी आहे. माझ्याजवळ उगीच जागा अडवून राहिली."

निळ्या स्वेटरवाल्या मुलाची वही. मी मेट्रोत बसल्यावर उघडली. बसच्या धक्क्यांनी उड्या मारणारं माझं अक्षर, ठोकळे, चेंडू, कोरडं नाक. पुढची पानं कोरी. मिटायला गेले, तर मागच्या बाजूने बाईंचं बारीक अक्षर होतं. वर्गातल्या सगळ्या वह्या हिंदीत असायच्या. हे मराठीत होतं. पानाच्या कडेला मटाराच्या शेंगेचा हिरवा डाग होता.

१२.०२. विद्यार्थिनी चटई उचलते. भिंतीला लावते.

१२.०४. मुलगी बसते. विद्यार्थिनी चार हात दूर बसते.

१२.०६. थाळी येते. मुलगी पहिला घास घेते. विद्यार्थिनीचं पेन थांबतं.

१२.११. विद्यार्थिनी अजून लिहीत नाही. बघते.

१२.१५. मुलगी थाळी वर करते. दीदी वाढते.

१२.१६. विद्यार्थिनी ओढणीने नाक पुसते. सर्दी नाही.